जुना ड्रायव्हर, नवा कर्नल

२०२२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू व्हायला आठवडा होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती बसवण्याचे काम आम्ही हाती घेतले होते. काम सुरळीत झाले. फक्त एका संगणकावरचे वाय-फाय दिसेनासे झाले. त्या संगणकाला यूएसबीमध्ये खोचायचे एक छोटे वाय-फाय उपकरण जोडलेले होते. आधीचा कर्नल ४.१५ होता, नवा ५.४. उपकरणाबरोबर आलेल्या तबकडीवर त्याच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड होता. तोच पूर्वी आम्ही कंपाइल करून वापरला होता. म्हणून तो पुन्हा कंपाइल करायला घेतला, तर पडदा चुकांच्या संदेशांनी भरून गेला. त्यातला पहिला संदेश साधारण असा होता : ‘अ‍ॅक्सेस-ओके या फंक्शनला तुम्ही तीन गोष्टी दिल्या आहेत, ते फक्त दोनच घेते.’

मदतीला आलेली दहावीतली एक विद्यार्थिनी शेजारी उभी होती. तिने विचारले, “सर, कालपर्यंत चालत होतं ना? उपकरण तेच, तबकडी तीच. मग बिघडवलं कोणी?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. तीनाचे दोन का झाले, कोणी केले आणि आमचा ड्रायव्हर त्यात मागे का राहिला, हे समजून घेताना लिनक्सचा तीस वर्षांचा इतिहासच समोर आला. तो इतिहास माहीत असला की असे बिघाड दुरुस्त करणेही सोपे जाते. म्हणून हा लेख.

खिडकीबाहेरचे आणि खिडकीआतले

शाळेच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. पालकांना बोनाफाइड दाखला हवा असतो. ते खिडकीवर येतात, ठरलेला अर्ज भरतात, दाखला घेऊन जातात. आत जनरल रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, ते कोण काढते, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. कपाटांची जागा बदलली तरी पालकांना पत्ता लागत नाही, कारण अर्ज आणि खिडकी तीच राहते.

संगणकात कर्नल म्हणजे हे कार्यालय. आपण वापरतो ते लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रांचे प्रोग्रॅम म्हणजे खिडकीबाहेरचे पालक. ‘ही फाइल उघड’, ‘एवढी अक्षरे छाप’ असे अर्ज ते खिडकीवर देतात. छपाईयंत्र, माउस, वाय-फाय अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारा एक कारकून आत बसलेला असतो. हा ड्रायव्हर. तो खिडकीच्या आत असल्यामुळे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्या हाती असतात. बाहेरचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. आतला ड्रायव्हर चुकला तर संपूर्ण संगणक गोठू शकतो.

आता ‘कंपाइल’ करणे म्हणजे काय ते पाहू. ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेला असतो. त्याचे यंत्रभाषेत भाषांतर करताना कंपाइलरला कर्नलच्या ‘हेडर’ फाइली लागतात. आत कोणकोणती फंक्शने आहेत, कोणाला किती तपशील द्यायचे, कोणता तक्ता कसा आखला आहे, याची ती यादी असते. भाषांतर त्या यादीबरहुकूम होते.

यादी बदलली की काय घडते, हे निकालपत्रकावरून समजेल. समजा एका शिक्षकाला एवढेच ठाऊक आहे की पाचव्या रकान्यात गणिताचे गुण असतात. या वर्षी तिसऱ्या रकान्यानंतर एक नवा रकाना घातला. आता पाचव्या रकान्यात दुसऱ्याच विषयाचे गुण आले. शिक्षक मात्र ते गणिताचे समजून बेरीज करत राहील. त्याला चूक जाणवणारही नाही. जुन्या कर्नलसाठी कंपाइल केलेला ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये तसाच चालवला तर नेमके हेच होते. म्हणून कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्या यादीनुसार पुन्हा कंपाइल करावा लागतो. आणि रकान्याची जागाच नव्हे तर रकानाच गेला असेल, तर कंपाइलही होत नाही.

सगळे एकाच गाठोड्यात

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. १९९१ च्या जानेवारीत त्याने इंटेलच्या ३८६ चिपचा संगणक घेतला, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्या सप्टेंबरात आलेली ०.०१ ही आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. मार्च १९९४ मध्ये १.० आली तेव्हा ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या.

सुरुवातीला सारे ड्रायव्हर कर्नलच्या गाठोड्यातच बांधलेले असत. नवे उपकरण जोडायचे तर अख्खा कर्नल पुन्हा कंपाइल करायचा आणि संगणक बंद करून चालू करायचा. त्या काळच्या यंत्रांवर हे फार वेळखाऊ काम होते. यावर उपाय म्हणून ‘मॉड्यूल’ आले. ड्रायव्हर स्वतंत्रपणे कंपाइल करायचा आणि चालू कर्नलमध्ये हवा तेव्हा बसवायचा, नको तेव्हा काढायचा. १९९५ च्या मार्चमध्ये १.२ ही आवृत्ती आली तोवर ही पद्धत रुळली होती.

सोय झाली तशी नवी अडचणही आली. एका कर्नलसाठी तयार केलेले मॉड्यूल लोक दुसऱ्या कर्नलमध्ये बसवू लागले आणि निकालपत्रकातला घोटाळा प्रत्यक्षात होऊ लागला. त्यावर ब्यॉर्न एकवॉल यांच्या कामातून एक युक्ती पुढे आली. प्रत्येक फंक्शनचे वर्णन घ्यायचे, म्हणजे ते काय घेते, काय देते, त्याच्याशी निगडित तक्ते कसे आखले आहेत. मग त्या वर्णनावरून गणिताने ३२ बिटांचा एक ताळा काढायचा. मॉड्यूलमध्ये नोंदलेला ताळा आणि कर्नलमधला ताळा जुळला तरच मॉड्यूल आत घ्यायचे. बेरजेचा ताळा आपण शाळेत पाहतो, त्याच जातीची ही कल्पना आहे. वर्णनात एक शब्द बदलला तरी ताळा बदलतो.

पण लक्षात घ्या, ताळा फक्त चुकीच्या माणसाला दारात अडवतो. नवे मॉड्यूल तयार करून देत नाही. ते करायचे तर मूळ मजकूर हाताशी हवा.

मजकूर कोणाच्या हाती?

मूळ मजकूर हाती असणे किती मोलाचे आहे, याची एक गोष्ट लिनक्सच्याही आधीची आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे लेझर छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकत असे, आणि दूर बसलेल्या माणसाला ते कळत नसे. आधीच्या छपाईयंत्राच्या मजकुरात रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारणा करून कागद अडकताच सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा मजकूर मात्र मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने कोणालाही न देण्याचा करार केला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांत ते या प्रसंगाचा उल्लेख करत आले आहेत. टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये लिनक्ससाठी याच प्रकल्पाचा परवाना स्वीकारला. त्यानुसार मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना मिळाली.

आमच्या तबकडीवर निदान मजकूर होता. तो नसता, तर हा लेखही नसता. उपकरण कचऱ्यात गेले असते.

दोन वचने

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कर्नल लिहिणारे लोक आतली मांडणी बदलतातच कशाला? एकदा ठरवले ते कायम का ठेवत नाहीत?

याचे उत्तर लिनक्सच्या एका जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयात आहे. खिडकीबाहेरच्यांना लिनक्सने वचन दिले आहे : तुमचा अर्ज बदलणार नाही. विसेक वर्षांपूर्वी कंपाइल केलेला साधा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर चालायला हवा. तो कर्नलच्या बदलामुळे मोडला तर दोष कर्नलचा मानला जातो आणि बदल मागे घेतला जातो. याबाबत टोरवाल्ड्स फार कडक आहे. खिडकीआतल्यांना मात्र असे कोणतेही वचन नाही. आतली कपाटे केव्हाही, कशीही हलवली जातील.

कर्नलच्या देखभालीतले एक प्रमुख कार्यकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ही भूमिका मांडणारे एक टिपण लिहिले. ते कर्नलबरोबर मिळणाऱ्या कागदपत्रांत आहे. त्यात त्यांनी यूएसबीचे उदाहरण दिले आहे. लिनक्समधला यूएसबीचा आतला भाग निदान तीनदा नव्याने रचला गेला. आधी माहिती पाठवून उत्तर येईपर्यंत थांबून राहावे लागे. नंतर न थांबता पुढचे काम करता येईल अशी रचना झाली, आणि वेग वाढला. जुनी मांडणी कायम ठेवण्याचे वचन दिले असते, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी सांभाळाव्या लागल्या असत्या. जुन्या व्यवस्थेतल्या उणिवाही जपाव्या लागल्या असत्या.

मग ड्रायव्हरांचे काय? टिपणाचे उत्तर असे : तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संग्रहात द्या. तिथे असला की आतली मांडणी बदलणारा माणूसच तुमचा ड्रायव्हरही बदलेल. ज्याने कपाट हलवले त्यानेच सगळ्या कारकुनांना नवी जागा दाखवायची, असा नियम. आज कर्नलच्या मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे, त्याचे कारण हा नियम. आमच्या वाय-फायचा ड्रायव्हर मात्र त्या संग्रहात नव्हता. तो बाहेरून रोजंदारीवर आलेल्या कारकुनासारखा होता. कपाट हलले तेव्हा त्याला कोणी सांगितलेच नाही.

२००४ नंतर ही अडचण अधिक वेळा जाणवू लागली. त्याआधी सम क्रमांकाच्या आवृत्त्या, जसे २.२, २.४, या स्थिर मानल्या जात आणि विषम क्रमांकाच्या प्रयोगासाठी असत. मोठी उलथापालथ काही वर्षांतून एकदा होई. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आली, आणि २००४ च्या उन्हाळ्यात प्रमुख कार्यकर्त्यांनी ठरवले की आता वेगळी प्रयोगाची शाखा नको. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली आणि प्रत्येक आवृत्तीत आत काही ना काही हलू लागले.

याच सुमारास, २००३ मध्ये, डेल कंपनीतल्या अभियंत्यांनी डीकेएमएस नावाचे साधन तयार केले. ते ड्रायव्हरचा मजकूर एका ठिकाणी ठेवते आणि नवा कर्नल आला की आपोआप कंपाइल करते. रकान्यांची जागा बदलली असेल तर एवढे पुरते. पण मजकुरातच बदल हवा असेल तर हे साधन काय करणार? ते फक्त चूक झाल्याचे कळवते.

चुकीच्या तीन संदेशांची तीन कारणे

अशा चुका पुष्कळ आहेत. त्यांतल्या तीन पाहू. प्रत्येकीमागे वेगळे कारण आहे.

पहिली आमची, ‘तीन नकोत, दोन द्या’ ही. बाहेरचा प्रोग्रॅम कर्नलला स्मृतीतला एक पत्ता देतो आणि म्हणतो, ‘उत्तर इथे लिहा.’ हा पत्ता खरोखर त्याच्या हद्दीतला आहे का, हे तपासणारे फंक्शन म्हणजे अ‍ॅक्सेस-ओके. पूर्वी त्याला तीन तपशील द्यावे लागत : वाचायचे आहे की लिहायचे, पत्ता कोणता आणि लांबी किती. त्यातला पहिला तपशील ३८६ चिपमुळे आला होता. समजा दोन विद्यार्थी एकच वही वाचत आहेत. दोघे नुसते वाचतात तोवर एक वही पुरते. एकाला लिहायचे झाले की त्याला वेगळी प्रत करून द्यावी लागते. संगणकही स्मृतीची पाने अशीच वाटून वापरतो आणि त्यांवर ‘लिहू नये’ अशी खूण करतो. पण १९८५ च्या ३८६ चिपमध्ये एक उणीव होती. कर्नल स्वतः लिहायला गेला तर ती चिप ही खूण मानतच नसे! त्यामुळे कर्नलला आधीच विचारावे लागे, ‘लिहायचे आहे का?’ आणि असेल तर प्रत स्वतः करून द्यावी लागे. १९८९ च्या ४८६ चिपमध्ये ही उणीव दूर झाली.

लिनक्सने ३८६ ची साथ डिसेंबर २०१२ मध्ये सोडली. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ पासून तो त्या चिपवर चालेनासा झाला. टोरवाल्ड्सच्या स्वतःच्या पहिल्या संगणकावरही नवा लिनक्स आता चालणार नव्हता. त्याने भावनाविवश न होता होकार दिला. तरी तो पहिला तपशील मागे उरलाच. कोणी वापरत नव्हते, पण सगळे देत होते. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये टोरवाल्ड्सने तो काढून टाकला आणि कर्नलच्या संग्रहात जिथे जिथे हे फंक्शन वापरले होते तिथे तिथे त्याच फटक्यात दुरुस्तीही केली. मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत हा बदल आला. म्हणजे आमच्या संगणकाच्या पडद्यावर २०२२ मध्ये उमटलेल्या चुकीचे मूळ १९८५ च्या एका चिपमध्ये होते.

दुसरी चूक थोडी जुनी. ‘तक्त्यात आयओ-कंट्रोल नावाचा रकाना नाही’ असा तिचा संदेश असे. जून १९९६ च्या २.० आवृत्तीत लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरांवर चालू लागला. दोन प्रोसेसर एकाच वेळी कर्नलच्या आत शिरून गोंधळ घालू नयेत म्हणून सबंध कर्नलला एकच मोठे कुलूप होते. पूर्ण शाळेला एकच किल्ली असावी तसे. एक वर्ग उघडा असेल तर बाकीचे सगळे बाहेर ताटकळत. प्रोसेसर वाढले तशी ही पद्धत परवडेना. प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप करत करत ते मोठे कुलूप काढायला पंधरा वर्षे लागली. ड्रायव्हरला खास आज्ञा देणारा आयओ-कंट्रोल हा रकाना हे कुलूप लावूनच वापरला जाई. २००५ मध्ये, २.६.११ आवृत्तीत, त्याच्या शेजारी ‘बिनकुलपाचा’ रकाना आला. ऑक्टोबर २०१० च्या २.६.३६ मध्ये जुना रकाना गेला, आणि मे २०११ च्या २.६.३९ मध्ये मोठे कुलूपच गेले.

तिसरी चूक, ‘वेळ सांगणारे अमुक फंक्शन सापडत नाही’ ही. युनिक्सच्या परंपरेत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. ते ३२ बिटांत चिन्हासह मोजले तर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजता येतात. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला मोजणी उणे होऊन घड्याळ १९०१ सालच्या डिसेंबरात जाईल. हे टाळण्यासाठी कर्नलमधली वेळ मोजणारी जुनी फंक्शने एकेक करून काढली गेली आणि ६४ बिटांची आणली गेली. ड्रायव्हरांत सर्रास वापरले जाणारे असे एक जुने फंक्शन ५.० मध्ये गेले, आणि मार्च २०२० च्या ५.६ मध्ये हे काम मोठ्या प्रमाणात पुरे झाले.

एक चूक मेलेल्या चिपची, एक वाढलेल्या प्रोसेसरांची, एक अजून न आलेल्या दिवसाची. ‘बिघडवलं कोणी?’ या प्रश्नाला यातल्या कोणत्याही ठिकाणी दुष्ट माणूस सापडत नाही.

दुरुस्ती कशी करायची?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कर्नल बदलल्यावर ड्रायव्हर कंपाइल होत नसेल तर क्रमाने पुढे जावे.

१. नव्या कर्नलच्या हेडर फाइली संगणकावर आहेत का, हे आधी पाहावे. अनेकदा कर्नल नवा बसतो पण हेडर जुन्याच राहतात. त्यांचा क्रमांक आणि चालू कर्नलचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे.

२. कर्नल ज्या कंपाइलरने तयार झाला, त्याच्या जवळपासची आवृत्ती आपल्याकडे आहे का, ते पाहावे.

३. हे ठीक असेल तर चुकांची यादी वरून वाचावी. पडद्यावर शंभर संदेश असले तरी घाबरू नये. पहिली चूक दुरुस्त केली की तिच्यामुळे उद्भवलेल्या कित्येक आपोआप जातात. गणिताच्या उदाहरणात दुसऱ्या पायरीवर चूक झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतात, तसेच हे.

४. पहिल्या चुकीतले फंक्शन कोणत्या आवृत्तीत आणि का बदलले, ते शोधावे. कर्नलमधल्या प्रत्येक बदलाबरोबर त्याचे कारण लिहून ठेवलेले असते आणि ते कोणालाही वाचता येते. कर्नलच्या संग्रहातला आपल्यासारखाच एखादा ड्रायव्हर त्याच वेळी कसा बदलला गेला, तेही पाहावे. उत्तर बहुधा तिथेच मिळते.

५. दुरुस्ती करताना जुना मजकूर पुसू नये. ‘कर्नल ५.० च्या आधीचा असेल तर तीन तपशील, नाहीतर दोन’ अशी अट घालावी. म्हणजे तोच ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो.

६. कंपाइल झालेले मॉड्यूल बसत नसेल, तर संगणक सही नसलेली मॉड्यूले नाकारत आहे का, हे तपासावे. सुरक्षित बूटची सोय चालू असली की असे होते.

यातली चौथी पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मघाचे मोठ्या कुलपाचे उदाहरण घ्या. जुना रकाना गेला आणि त्याच्याच सारखा बिनकुलपाचा रकाना शेजारी आहे, हे पाहून पुष्कळांनी फक्त रकान्याचे नाव बदलले. चूक गेली, ड्रायव्हर कंपाइल झाला, चालूही लागला. पण आता कुलूप कोणीच लावत नव्हते. दोन प्रोग्रॅमनी एकाच क्षणी आज्ञा दिली की महिन्यातून एखाद वेळी संगणक गोठायचा, आणि कारण सापडायचे नाही. कंपाइलर व्याकरण तपासतो, अर्थ तपासत नाही. निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणजे त्यातली माहिती बरोबर आहे असे होत नाही. हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार?

या धोरणाची किंमत

लिनक्सचे हे धोरण सर्वांनाच मान्य आहे असे नाही. ‘ड्रायव्हर संग्रहात द्या’ हे सांगणे सोपे आहे. पण छोट्या कंपनीला त्या दर्जाचा मजकूर लिहिणे, तपासणाऱ्यांच्या शंकांना उत्तरे देणे, हे जड जाते. काही कंपन्यांना मूळ मजकूर उघडच करायचा नसतो. याचा फटका बसतो तो उपकरण विकत घेणाऱ्याला.

सगळ्यात मोठा फटका बसला तो अँड्रॉइड फोनना. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच आहे. फोनमधल्या चिप बनवणाऱ्यांनी आपापले ड्रायव्हर संग्रहाबाहेर ठेवले. त्यामुळे फोन ज्या कर्नलवर विकला गेला त्यावरच अडकून पडला. नवा कर्नल बसवायचा तर सारे ड्रायव्हर नव्याने बसवावे लागणार होते, आणि जुन्या फोनसाठी ते करायला कोणी तयार नव्हते. चांगले चालणारे फोन सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना मागे पडले. यावर गूगलने जो मार्ग काढला तो लक्षात घेण्याजोगा आहे. ५.१० या कर्नलपासून, म्हणजे अँड्रॉइड १२ च्या काळात, त्यांनी सर्वांसाठी एकच सामायिक कर्नल ठेवला आणि त्या एका शाखेपुरती आतली मांडणी गोठवली. म्हणजे जे वचन लिनक्सने नाकारले, तेच गूगलने मर्यादित मुदतीसाठी दिले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे यातून दिसते. बदल थांबवला तर घर जुने होते. बदलत राहिले तर कोणीतरी मागे राहते. मागे राहणाऱ्याची जबाबदारी कोणी घ्यायची, एवढाच खरा प्रश्न.

आमच्या वाय-फायचे काय झाले?

ती दुपार आम्ही दोघांनी चुकांच्या यादीसमोर घालवली. अ‍ॅक्सेस-ओके तीन ठिकाणी होते. तिन्ही ठिकाणी आवृत्तीची अट घातली. मग वेळेच्या फंक्शनची चूक पुढे आली. तिथे ६४ बिटांचे नवे फंक्शन वापरले. संध्याकाळी साडेपाचला कंपाइल पुरे झाले आणि उपकरणाचा निळा दिवा लागला. १९०१ सालात जाणाऱ्या घड्याळाची गोष्ट त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. २०३८ मध्ये तिचे वय किती असेल, हेही तिने फळ्यावर काढून दाखवले.

पुढे त्या जातीच्या चिपसाठी दुसऱ्याच लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर कर्नलच्या संग्रहात आला. तेव्हापासून कर्नल बदलला तरी आम्हाला काही करावे लागत नाही. कपाट हलवणाराच आता आमच्या कारकुनाला जागा दाखवतो. यातून आम्ही एक नियम केला आहे : शाळेसाठी कोणतेही उपकरण घेण्याआधी, त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या संग्रहात आहे का, हे दुकानात जाण्यापूर्वी पाहायचे. शक्य असेल तर खिडकीबाहेरूनच वापरता येणारे उपकरण निवडायचे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विज्ञानाच्या प्रयोगांसाठी बनवलेले एक्स्पआईज हे साधन या प्रकारचे आहे. ते यूएसबीने जोडायचे आणि पायथन भाषेतल्या प्रोग्रॅममधून त्याच्याशी बोलायचे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला असे दिले : बिघडवले कोणीच नाही. घराची डागडुजी चालू होती, आणि आपला माणूस घरच्या यादीत नव्हता.

तुमच्या प्रयोगशाळेतही एखादा जुना स्कॅनर किंवा वाय-फाय उपकरण ‘नव्या आवृत्तीवर चालत नाही’ म्हणून कपाटात पडलेले असेल. त्याचा मूळ मजकूर मिळतो का, ते पाहा. मिळाला तर नववी-दहावीच्या चार मुलांना घेऊन एक दुपार बसा आणि पहिल्या चुकीपासून वाचायला सुरुवात करा. उपकरण चालू होईलच असे नाही. पण ती चूक कोणत्या साली आणि कशासाठी जन्मली, हे मुलांनी शोधून काढले, तर ती दुपार फुकट गेली असे म्हणता येणार नाही.